इंटरनेट कौशल्यांचा संघ-अभ्यासक्रम : पंधरा शनिवारांनंतरचा अनुभव

तेराव्या शनिवारी सकाळी सव्वादहाच्या सुमारास आमच्या संघाच्या प्रकल्पाची फाईल हट्टाला पेटली. ती उघडत होती, वाचताही येत होती, पण तिच्यात एक अक्षर भरता येत नव्हते. कारण कळायला पाऊण तास गेला. फाईल ज्याच्या गुगल खात्यावर होती त्याची फुकट मिळणारी १५ जीबी जागा भरली होती, आणि टपाल, छायाचित्रे व फायली या तिन्हींसाठी जागा एकच असल्याने त्याच्या बहिणीच्या हळदीचे व्हिडिओ आमच्या प्रकल्पाच्या मुळावर आले होते. मालकाची जागा संपली की त्याच्या फायलीत बाकीच्यांनाही लिहिता येत नाही, हे इंटरनेट कौशल्यांच्या अभ्यासक्रमात बारा शनिवार काढलेल्या आम्हा चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. फाईलचा मालक असलेला आमचा ‘नोंदकर्ता’, म्हणजे संघाचे सारे टंकून ठेवणारा सदस्य, त्या वेळी लग्नघरी होता आणि त्याचा फोन लागत नव्हता.

हा अनुभव लिहायला मी त्या दिवसामुळेच बसले आहे. अभ्यासक्रमात काय शिकवतात हे पुन्हा सांगत नाही; चौकशी केलेल्यांना माहितीपत्रक तोंडपाठ असेलच. दोन श्रेयांक (क्रेडिट), साठ तास, दर शनिवारी चार तास आणि शुल्क ३,६०० रुपये. मी एका पतसंस्थेत हिशेब पाहते, वय सत्तेचाळीस, आणि वर्गातील पस्तीस जणांत मला ‘काकू’ म्हणण्याची मुभा सर्वांनी पहिल्याच दिवशी परस्पर घेतली होती.

जे चांगले आहे ते आधी सांगते, कारण ते खरोखर चांगले आहे. वर्गात व्याख्यान जवळपास नसते. वाचन घरी करून यायचे, आल्याबरोबर प्रत्येकाने एकट्याने छोटी चाचणी द्यायची आणि मग तीच चाचणी संघाने मिळून पुन्हा सोडवायची. संघाच्या चाचणीसाठी सरांनी जुन्या रिचार्ज कूपनसारखी खरवडण्याची कार्डे घरी तयार केली होती. रुपयाच्या नाण्याने पर्याय खरवडायचा. खाली चांदणी निघाली तर चार गुण, नाही निघाली तर दुसऱ्या प्रयत्नाला दोन आणि तिसऱ्याला एक. एका प्रश्नात चार संकेतस्थळांचे पत्ते देऊन त्यांतील सरकारी पत्ता ओळखायला सांगितले होते. चौघांनी एकमुखाने ‘अ’ म्हटले, कारण त्यात ‘जीओव्ही डॉट इन’ ही अक्षरे होती. ती होती खरी, पण त्यांच्यापुढे आणखी एक टिंब देऊन ‘डॉट कॉम’ने संपणारे तिसरेच नाव जोडलेले होते. पत्ता ‘https://’ नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपाशी थांबून उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो, हे मला फसवणुकीचे संदेश घेऊन काउंटरवर येणाऱ्या सभासदांमुळे माहीत झाले होते. मी दोनदा सांगितले. आमच्या संघाच्या समन्वयकाने नाणे फिरवले आणि खाली कोरी जागा निघाली. त्यानंतर मात्र खरवडण्यापूर्वी नाणे एकदा माझ्याकडे येऊ लागले. व्याख्यान ऐकून हे झाले नसते.

चाचणीनंतरच्या दोन तासांत सराव असे, आणि माझी तक्रार सारी त्या दोन तासांची आहे. पहिल्या दिवशी प्रत्येक संघाला पाच भूमिकांच्या चिठ्ठ्या देण्यात आल्या : समन्वयक, शोधकर्ता, पडताळणीकार, नोंदकर्ता आणि वेळपाल. भूमिका आपसांत ठरवायच्या होत्या. ज्याचा हात कीबोर्डवर झरझर चालतो तो नोंदकर्ता झाला, जो दिवसभर मोबाईलवर असतो तो शोधकर्ता झाला आणि काकूंच्या हातात घड्याळ असल्याने काकू वेळपाल झाल्या. भूमिका सत्रभर बदलायच्या नाहीत, असा नियम होता. म्हणजे ज्याला जे येत होते त्याने तेच बारा आठवडे केले आणि जिला शोध घ्यायला शिकायचे होते ती ‘दहा मिनिटे राहिली’ असे सांगत बसली. साठ रुपये तास या दराने, बारा शनिवारांचे चोवीस तास धरले, तर मी १,४४० रुपये घड्याळ पाहण्यासाठी मोजले. घड्याळ मला घरी फुकट पाहता येते.

चिडून मी थोडे वाचन केले, तेव्हा ध्यानात आले की येथे दोन वेगळ्या पद्धतींची खिचडी झाली आहे. संघाधारित अध्ययन ही पद्धत लॅरी मायकलसन यांनी अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठात १९७०च्या दशकाच्या अखेरीस, वर्गातील विद्यार्थी चाळिसांवरून एकशे वीसवर गेले तेव्हा, घडवली. तिच्यात संघ शिक्षक बनवतो आणि तो सत्रभर तोच राहतो, पण भूमिका कोणी नेमून देत नाही. नेमून दिलेल्या भूमिकांवर भर आहे तो सहकारी अध्ययनात, ज्याच्याशी मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या बंधूंचे नाव जोडले जाते, आणि तेथेही भूमिका पाळीपाळीने फिरवण्याचा रिवाज आहे. आमच्याकडे एकीकडून कायमचा संघ घेतला, दुसरीकडून भूमिका घेतल्या आणि फिरवणे तेवढे वाटेत सांडले. भर म्हणून पहिल्या तासाला ब्रिटिश संशोधक मेरेडिथ बेल्बिन यांच्या नऊ संघभूमिकांचा तक्ता दाखवला गेला. त्या भूमिका माणसाच्या संघात वागण्याच्या प्रवृत्तीविषयी आहेत, कामाच्या वाटपाविषयी नाहीत, हे त्या तक्त्यावरूनही दिसत होते.

सत्राच्या मध्यावर सहकाऱ्यांचे मूल्यमापन झाले. प्रत्येकाने चाळीस गुण उरलेल्या चौघांत वाटायचे, पण सर्वांना दहा-दहा देऊन मोकळे व्हायचे नाही, अशी अट होती. ही अट मला पटते, कारण पतसंस्थेत सर्वांना ‘उत्तम’ शेरा देणारे गोपनीय अहवाल मी पुष्कळ पाहिले आहेत. मला मिळाले आठ, आठ, नऊ आणि आठ. सोबत निनावी शेरा होता, ‘काकू वेळ अचूक सांगतात.’ तो कागद मी जपून ठेवला आहे.

आता पुन्हा त्या फाईलकडे येते. मजकूर नव्या फाईलमध्ये डकवणे हे पाच मिनिटांचे काम होते, पण सर्वांना लिहिता येईल अशी फाईल तयार करून तिची परवानगी वाटणे चौघांपैकी कोणीही कधी केले नव्हते. ते ‘नोंदकर्त्याचे काम’ होते. धडपडत ते जमवले, तेव्हा कळले की नव्या फाईलमध्ये जुन्या फाईलचा आवृत्त्यांचा इतिहास येत नाही, आणि प्रकल्पाच्या गुणांपैकी दहा गुण त्याच इतिहासावरून, म्हणजे कोणी कधी काय लिहिले हे पाहून, मिळणार होते. त्याहून मोठी गोष्ट संध्याकाळी उघड झाली. नोंदकर्त्याने व्हिडिओ पुसल्यावर जुनी फाईल पूर्ववत झाली आणि आम्ही तिचा इतिहास उघडला, तर त्यात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच नाव होते. टंकलेखन त्याचे, म्हणून बारा आठवड्यांचे सारे काम त्याचे. बाकीचे चौघे कागदोपत्री झोपलेले. ज्या संघाने भूमिका इमानदारीने पाळल्या त्यालाच या मोजणीत सर्वांत कमी गुण मिळतात आणि नियम मोडून प्रत्येकाने चार ओळी लिहिलेला संघ पुढे जातो. हा दोष अभ्यासक्रम चालवणाऱ्या विभागाला दिसू नये, याचे मला आजही नवल वाटते.

मी लेखी अर्ज दिला. विभागाच्या कार्यालयाने तो दोन वेळा ‘योग्य नमुन्यात नाही’ म्हणून परत केला. योग्य नमुना कोठे मिळतो, या प्रश्नावर मला संकेतस्थळ पाहायला सांगण्यात आले आणि संकेतस्थळावर तो नव्हता. शेवटी सरांनीच मनावर घेऊन ते दहा गुण तोंडी परीक्षेकडे वळवले आणि उरलेल्या दोन शनिवारांसाठी भूमिका फिरवल्या.

येथपर्यंत लिहून ठेवले होते तेव्हा वेळपाल ही भूमिकाच रद्द करावी असे माझे मत होते. ते मी बदलले आहे, आणि त्याला कारण माझीच रफ वही. कंटाळा घालवण्यासाठी मी प्रत्येक सरावात कोणत्या कामाला किती मिनिटे लागली याची नोंद ठेवत असे. चौदाव्या शनिवारी ती वही संघासमोर ठेवली. चाळीस मिनिटांच्या एका सरावात शोधाला नऊ मिनिटे, पडताळणीला सहा, आणि शीर्षकाचा रंग व अक्षरांचा आकार ठरवण्यासह लिहिण्याला पंचवीस मिनिटे गेली होती. मुले गप्प झाली. त्या दिवशी रंग कोणी बदलला नाही. भूमिका उपयोगाची आहे. एकाच माणसाच्या गळ्यात ती बारा आठवडे बांधू नये, इतकेच माझे म्हणणे उरले आहे.

पंधराव्या शनिवारी मी शोधकर्ता होते. कोयना धरणाचे दरवाजे उघडल्याचे म्हणून फिरणारे एक छायाचित्र तपासायचे होते. सरांनी पूर्वी स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांच्या अभ्यासाविषयी सांगितले होते, ज्यात दहा इतिहासकार, दहा तथ्यतपासनीस आणि पंचवीस विद्यार्थी यांची तुलना होती. तपासनीस हाती आलेले पान वाचत न बसता लगेच नव्या टॅबमध्ये इतरत्र त्याविषयी कोण काय म्हणते ते पाहत. मी नवा टॅब उघडण्याआधी दरवाजे मोजले. कोयनेला सहा वक्र दरवाजे आहेत आणि छायाचित्रात दहा होते. त्यानंतर छायाचित्रावरून उलटा शोध घेतला, म्हणजे ते आधी कोठे आले आहे ते शोधले, तेव्हा तेच छायाचित्र काही वर्षांपूर्वीच्या, वेगळ्याच धरणाच्या बातमीत सापडले. मला चौदा मिनिटे लागली. आमच्या नेहमीच्या शोधकर्त्याला तीन लागली असती, पण त्याने दरवाजे मोजले नसते, असे तो स्वतःच म्हणाला.

याला आता चार महिने झाले. काउंटरवर कोणी संशयास्पद लिंक दाखवली की पत्ता मी उजवीकडून वाचून दाखवते, आणि छायाचित्र असेल तर उलटा शोध तेथेच घेते. हे दोन्ही मला सराईतपणे करता येते, आणि यांतील एक मी येण्यापूर्वीच शिकलेले होते. एसटीचे अर्धे तिकीट धरूनही प्रवासाचा खर्च शुल्काच्या वर पडला, तेव्हा पाचपैकी तीन गुण देते, त्यांतील दोन त्या खरवडण्याच्या कार्डांचे आहेत. आमच्या शाखेतील एक ताई पुढच्या सत्राला नाव घालते आहे. भूमिकांच्या चिठ्ठ्या आल्या की सर्वांत आधी ‘शोधकर्ता’ उचल, संघाची फाईल स्वतःच्या खात्यावर उघड आणि त्याआधी मोबाईलमधील लग्नांचे व्हिडिओ काढून टाक, असे मी तिला सांगून ठेवले आहे.