वरच्या मजल्यावर वायफाय : रिपीटर काढून केबल टाकली, आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमचं पुण्यात सहकारनगरला जुनं घर, वरचा मजला नंतर चढवलेला, भिंती नऊ इंची विटांच्या आणि मधे जाड स्लॅब. फायबर गेटच्या बाजूने हॉलमधे येते म्हणून राउटर तिथेच, आणि आमची दोघांची कामाची खोली वर, एकदम मागच्या टोकाला. तिथे वायफायचा वेगवान पण कमी पल्ल्याचा ५ गिगाहर्ट्झ बँड दिसायचाच नाही, लांब जाणाऱ्या २.४ वर एखादी कांडी. लेक क्लासचे व्हिडिओ जिन्याच्या वळणावर बसून बघायची कारण नेट तिथपर्यंतच यायचं. थंडीत त्या गार फरशीवर शाल गुंडाळून बसलेली बघितली की जीव तुटायचा.

आधी सगळे करतात तेच केलं, रिपीटर (राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) आणला आणि जिन्यातल्या प्लगला लावला. वर लगेच फुल कांड्या, वाटलं झालं काम. पण २०० एमबीपीएसचा प्लॅन असून वर ३०-३५ च मिळायचे आणि संध्याकाळी तर बायकोची मीटिंग अडकायचीच. नंतर कळलं की कांड्या दिसतात त्या फोन ते रिपीटर एवढ्याच, रिपीटर ते राउटर काय हाल आहेत ते फोनला कळतच नाही. शिवाय एकाच रेडिओवर ऐकायचं पण आणि पुढे पाठवायचं पण, म्हणजे स्पीड निम्मा तिथेच गेला. चार महिने असे काढले, मग एप्रिलमधे ठरवलं की केबलच टाकायची.

तपकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) कॅट ६ म्हणजे नेटवर्कची केबल घेतली, २५ मीटर. इथे एक नक्की सांगतो, स्वस्तातली घेऊ नका, त्यात अ‍ॅल्युमिनियमवर नुसता तांब्याचा मुलामा असतो, पूर्ण तांब्याची मागून घ्या, आणि बाहेरून नेणार असाल तर उन्हात टिकणारी काळ्या आवरणाची. आमची मागच्या भिंतीवरून पीव्हीसी पाइपातून वर गेली. भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडलं आणि आत घ्यायच्या आधी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी झोळावरूनच टपकतं, आत येत नाही. अख्खा पावसाळा गेला, भिंतीला ओल नाही.

वर घरातलाच जुना ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्ही देणारा) राउटर लावला. त्याचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपला नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम, ते खालच्यानेच करायचं) बंद, पत्ता बदलून १९२.१६८.१.२, केबल वॅनमधे (बाहेरून नेट येतं तो पोर्ट) न लावता लॅन पोर्टमधे, नाव आणि पासवर्ड खालचाच. पहिल्या दिवशी डीएचसीपी बंद करायचं राहिलं होतं, तर टीव्ही चालायचा आणि लॅपटॉप नाही, असला गोंधळ. २.४ वर खाली चॅनल १ ठेवला आणि वर ११, एकमेकांवर यायला नको.

आणि मग वर स्पीड टेस्टला सारखे ९४. काहीही करा, ९४च! दोन दिवस सेटिंग धुंडाळली, शेवटी वरचा कनेक्टर उजेडात धरून बघितला तर आठ तारांतली तपकिरी पुढपर्यंत पोचलेलीच नव्हती. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) चारही जोड्या लागतात, तपकिरी किंवा निळी जोडी तुटली की लाइन १०० वर येते, आणि १०० च्या लाइनवर हातात ९४ च्या आसपासच पडतात. कनेक्टर कापून नवा पंच केला, की वर पूर्ण २०० आले. तुमच्याकडे पण ९४ वर अडकत असेल तर प्रोव्हायडरशी भांडायच्या आधी कनेक्टर बघा, आणि राउटरचे पोर्ट तरी गिगाबिट आहेत ना ते बघा.

आठ महिन्यांत वरचा डबा दोनदाच रिस्टार्ट केलाय. बारका यूपीएस दोन्हीकडे लागतो हं, आम्ही आधी खालीच लावला होता आणि लाइट गेली की वरचं नेट बंद.

एक तक्रार मात्र आहे, व्हिडिओ कॉलवर बोलत जिना चढलं की दोन-तीन सेकंद चित्र थांबतं, फोन खालचा राउटर लवकर सोडत नाही. खालच्याची २.४ ची पॉवर मीडियम केल्यावर बरंच कमी झालं. हे अजिबातच चालणार नसेल तर मेशचा (एकच नेटवर्क म्हणून मिळून चालणारे वायफायचे डबे) जोड घ्या, पण तोसुद्धा मधे केबल टाकूनच, नुसता हवेवर ठेवला तर आमच्यासारख्या भिंतींमधे त्याचीही दमछाक होणार. लेक आता तिच्या टेबलावर बसून अभ्यास करते. जिन्यातला प्लग मोकळाच आहे.