लेबलवर ‘हॅन्डमेड’ होतं, स्वेटर मात्र मशीनचा निघाला

आईसाठी हाताने विणलेला स्वेटर घ्यायचा होता म्हणून मी ऑनलाइन शोधत होते, आणि त्यात फसले, ते सगळं इथे लिहितेय म्हणजे निदान तुम्ही तरी ऑर्डर करण्याआधी बघून घ्याल. फोटोत दोन हात, सुया, लोकरीचा गोळा. आत मानेजवळ ‘हॅन्डमेड’ असं शिवलेलं लेबल आणि सोबत एक छोटं कार्ड, त्यावर निळ्या शाईत विणणाऱ्या ताईंचं नाव. मशीनच्या स्वेटरच्या चौपट पैसे दिले आणि आनंदाने दिले, कारण वाटलं की हे कुणा बाईच्या कष्टाचे आहेत.

तिसऱ्या धुण्यात बगलेखालची शिलाई उसवली आणि तिथून टाके सुटत चालले. मावशीकडे घेऊन गेले, ती आयुष्यभर विणत आलीय. तिने समोरून बघितलंच नाही, सरळ स्वेटर उलटा केला. म्हणाली, “अगं, हा कापून शिवलाय. आपण विणतानाच आकार देतो ना, कात्री कशाला लागेल?”

मग तिने नीट दाखवलं. हाताने विणताना बाहीची गोलाई आली की दोन-दोन टाके एकत्र विणून टाके कमी करत जातात, त्यामुळे प्रत्येक भागाची कड विणूनच पूर्ण होते आणि मग ते भाग सहसा त्याच लोकरीने सुईने जोडतात. माझ्या स्वेटरमध्ये मोठं विणलेलं कापड पॅटर्नप्रमाणे कापलेलं होतं आणि कापलेले टाके सुटू नयेत म्हणून कडेला बारीक सिंथेटिक दोऱ्याचं ओव्हरलॉक, टीशर्टच्या आतल्या बाजूला असतं तसंच. दोरा तुटला, टाके मोकळे झाले. (स्कॉटलंडमधल्या फेअर आइल बेटाच्या रंगीत विणीत हाताने विणणारेसुद्धा मधे कापतात, पण त्याच्यासाठी जादा टाके आधीच ठेवलेले असतात आणि कड सहसा आत दुमडून हाताने शिवतात, ते प्रकरण वेगळं.)

मी समोरची वीण बघून खूश झाले होते, तिथेच चूक झाली. सुलट-उलट टाका हा मशीनवरही तसाच पडतो, इंग्लंडच्या विल्यम लीने मोजे विणायचं यंत्र १५८९ मध्ये केलं तेव्हापासून मशीन तोच फास घालत आलंय. केबल, म्हणजे दोरखंडासारखा पीळ दिसणारी वीण, तीसुद्धा मशीन घालतं. म्हणून नुसती वीण बघून ओळखणं अवघड, कडा, जोड आणि धाग्यांची टोकं बघायची. हातच्या विणीत गोळा संपून नवा लावला की टोक आत सुईने गुंतवून लपवलेलं असतं, नीट चाचपलं की सापडतं. सुरुवातीला टाके घातलेली कड आणि शेवटी टाके बंद केलेली कड, दोन्ही बघा, कुठे कापून शिवलेलं नाही ना. रंगीत नक्षी असेल तर मागे हातच्या कामात सहसा धागे आडवे सैल गेलेले दिसतात, मागे ठिपक्याठिपक्यांची घट्ट वीण दिसली तर ते बहुतेक जॅकार्ड, म्हणजे मशीनवर विणलेली रंगीत नक्षी.

वीण थोडी वरखाली आहे म्हणजे हातचीच, असं मला वाटायचं, तेही खरं नाही. मावशीची वीण इतकी एकसारखी असते की लोक तिलाच विचारतात मशीनची का म्हणून, आणि उलट जाडबारीक धागा लावला की मशीनचं कापडही ओबडधोबड दिसतं. बाजूला जोड नाही हाही पुरावा नाही, गोल विणायची मशीन असतात. क्रोशेचं मात्र वेगळं, खरं क्रोशे मशीनवर होत नाही, मशीनचं असतं ते क्रोशेसारखं दिसणारं कापड. म्हणून खरं क्रोशे फार स्वस्त मिळालं तर समजा की विणणाऱ्या बाईच्या हातात जवळजवळ काहीच पडलेलं नाही.

अजून एक गोष्ट मी आधी करायला हवी होती, साधा हिशोब. छाती १०० सेंमी, १० सेंमीत २० टाके आणि २८ ओळी धरल्या तर एका ओळीत २०० टाके, काखेपर्यंत ४० सेंमी म्हणजे ११२ ओळी, झाले २२,४०० टाके. मिनिटाला ३० टाके विणले तरी साडेबारा तासांच्या आसपास, आणि अजून बाह्या, खांदे, गळा बाकीच. आणि हा विक्रेता लिहितो की कुठल्याही साइजचे कितीही नग दोन दिवसांत पाठवू!

विक्रेत्याला विचारलं तर उत्तर आलं की बटणं आणि लेबल हातानेच लावलंय, आम्ही हॅन्डमेड म्हटलंय, ‘हाताने विणलेलं’ कुठे म्हटलंय. वाचून रडूच आलं. पण त्यातून एक कळलं, लेबलवरचे शब्द नीट वाचायचे. हॅन्डक्राफ्टेड, हॅन्डफिनिश्ड, हॅन्डमेड यातल्या एकाचाही अर्थ सुयांवर विणलेलं असा होत नाही. ‘हॅन्डफ्रेम्ड’ म्हणजे हाताने चालवायच्या मशीनवर विणलेलं, त्यातही मेहनत आहे, पण मग तसं स्पष्ट सांगून विका ना. लोकर किती टक्के, अॅक्रिलिक किती हे लेबलवर लिहायचा नियम बऱ्याच देशांत आहे, पण त्या टक्केवारीवरून विणलं कसं हे कळत नाही.

आणि ते कार्ड! मैत्रिणीने तिथूनच टोपी मागवली होती, तिच्या कार्डावर तेच नाव, तीच निळी शाई, शेवटच्या अक्षराचा फराटाही तसाच. छापलेलं होतं. ज्या बायका खरंच रात्र रात्र बसून विणतात त्यांचं गिऱ्हाईक अशाने तुटतं, याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

आता मी ऑर्डर करण्याआधी स्वेटर उलटा करून बगलेचा जोड, खांदा आणि खालची कड यांचे जवळून काढलेले फोटो मागते, आणि कोणी विणलं, किती दिवस लागले, कितव्या नंबरच्या सुया वापरल्या हेही विचारते. जी स्वतः विणते ती सुयांचा नंबर लगेच सांगते, आणि बहुतेक वेळा न विचारता अजून चार गोष्टी सांगते.

तक्रार केल्यावर अर्धे पैसे परत मिळाले. स्वेटर मी टाकला नाही, उसवलेला तसाच ठेवलाय, कुणाला फरक बघायचा असेल तर उलटा करून दाखवते.