द्राक्षांचा चीजकेक शिकवणारे तीन तास

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे नाशकात हातगाडी-हातगाडीवर द्राक्षांचे घड लागलेले असतात त्या दिवसांत, गंगापूर रोडवरील एका घरी भरलेल्या चीजकेकच्या वर्गाला मी गेले होते. शुल्क १,२०० रुपये, वेळ तीन तास आणि शिकणाऱ्या आम्ही आठ जणी. नेहमीचा स्ट्रॉबेरीचा चीजकेक न शिकवता काळ्या द्राक्षांचा, ओव्हन न लावता करायचा प्रकार शिकवणार असल्याचे कळले, म्हणूनच मी नाव नोंदवले.

वर्गाचा सर्वांत चांगला भाग द्राक्षांचाच होता. ताजी द्राक्षे कापून वर रचली की केक दिसतो छान, पण द्राक्षात पाणी फार असल्याने तासाभरात त्याला पाणी सुटते. कॅफेंमधून मिळणाऱ्या बहुतेक द्राक्ष-चीजकेकांचे दुखणे हेच असते. वर्ग घेणाऱ्या ताईंनी अर्धा किलो शरद सीडलेस ही काळी द्राक्षे पाण्याचा थेंबही न घालता मंद आचेवर शिजवायला ठेवली. मणी फुटू लागले तेव्हा भांड्यातला रस जेमतेम गुलाबीसर होता आणि मला शंका आली, परंतु रंग गरात नसून सालीत असतो, हे त्यांनी डावाने साली भांड्याच्या कडेला दाबून दाखवले. दहा मिनिटांत रस गर्द जांभळा झाला. मग तो गाळून, लिंबू पिळून, निम्मा होईपर्यंत आटवला. साखर चवीपुरती, तीही शेवटी. ही एक गोष्ट शिकण्यासाठीसुद्धा मी पुन्हा पैसे मोजले असते.

खालच्या थराला बिस्किटांऐवजी नानकटाईचा चुरा घेतला होता. नानकटाईत तूप आधीच भरपूर असते, त्यामुळे लोणी अगदी कमी लागते. ते नेहमीच्या मापाने घातले असते तर थर तेलकट झाला असता.

चीजकेकमधले क्रीम चीज, आज मिळते त्या रूपात, मूळचे अमेरिकेतील. न्यूयॉर्क राज्यातील चेस्टर येथे विल्यम लॉरेन्स यांनी १८७०च्या दशकात ते करायला सुरुवात केली आणि १८८० मध्ये ते फिलाडेल्फिया या दुसऱ्या राज्यातील शहराच्या नावाने विकले जाऊ लागले, जरी ते तयार न्यूयॉर्कमध्येच होत असे. (आपल्याकडे ‘बॉम्बे हलवा’ कुठेही होतोच की.) ताईंनी केकच्या मापातले एक तृतीयांश क्रीम चीज काढून त्या जागी चक्का घातला. मला वाटले होते की ही खर्च वाचवण्याची युक्ती असावी, पण तसे नाही. क्रीम चीजमध्ये स्निग्धांश जवळपास एक तृतीयांश असतो, तो जिभेवर जड होतो, आणि चक्क्याचा आंबटपणा नेमका तो जडपणा मोडतो. मात्र चक्का रात्रभर टांगलेला हवा. आमच्या वाट्याला आलेला ओलसर होता.

तक्रार पुढे आहे. वर्गात बहुतेक जणी शाकाहारी असल्याने प्राण्यांपासून मिळणाऱ्या जिलेटिनऐवजी समुद्री शेवाळापासूनचा चायना ग्रास वापरला, हे योग्यच. पण तो उकळून विरघळवल्यावर गरम असतानाच मिश्रणात घालावा लागतो आणि मिश्रणही गार असून चालत नाही, कारण थंडावा लागताच तो जागच्या जागी आळतो. आमचे क्रीम चीज थेट फ्रिजमधून आले होते. माझ्या वाटीत बारीक पांढऱ्या गाठी पडल्या, त्या घोटूनही गेल्या नाहीत. ताईंनी चूक मान्य केली, तरी सामान दुसऱ्यांदा देण्याची तयारी नव्हती. शिवाय आठ जणींच्या आठ साच्यांना फ्रिज एकच, त्यामुळे न आळलेला केक डब्यात घालून दुपारच्या उन्हात दुचाकीवरून न्यावा लागला.

घरी रात्रभर ठेवल्यावर तो नीट सुटला. सासूबाईंनी गाठी बाजूला सारत दोन तुकडे खाल्ले आणि ‘हे श्रीखंडच आहे, फक्त बसायला पाट दिलाय,’ असे म्हणून तिसरा मागितला.

द्राक्षांचे दिवस संपण्याआधी वर्गाला जायचे असल्यास जावे. परंतु क्रीम चीज आधी बाहेर काढून ठेवणार का, एवढे नोंदणीच्या वेळीच विचारावे आणि बरोबर बर्फाची पिशवी न्यावी.