नवीन कादंबऱ्या, आत्मचरित्रं शोधायची तर ऑडिओ ॲप की वाचनालय? तीन वर्षं दोन्ही वापरून

मामेबहिणीने विचारलं, दादा, मला कादंबऱ्या पण वाचायच्यात आणि आत्मचरित्रं पण, पण तेच ते ठरलेले दहा लेखक सोडून, तर ॲपचे पैसे भरू की वाचनालयात नाव घालू. मी तीन वर्षं दोन्ही वर्गण्या भरल्या म्हणून तिला जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय, दुसऱ्या कुणाला ठरवायचं असेल तर उपयोग होईल.

आधी ॲपचं, कारण त्याने मला खरंच दिलंय. माझा रोज येऊन जाऊन अडीच तास लोकलचा प्रवास, उभ्याने, पुस्तक उघडायला कोपर हलवायची जागा नसते. रहस्यकथा आणि भयकथा या दोन प्रकारांना मी आयुष्यात हात लावला नव्हता, ते ॲपवर ऐकायला लागलो आणि आवडले. दुसरं म्हणजे बोली. छापलेली मालवणी किंवा वऱ्हाडी वाचताना मी अडखळायचो, दोन पानांत पुस्तक खाली ठेवायचो, तीच कादंबरी त्या भागातल्या माणसाने वाचून दाखवली की पहिल्या दहा मिनिटांत कान सरावतो. ग्रामीण कादंबरीची माझी भीती त्यानेच गेली, हे मी मनापासून मान्य करतो. आणि जे नागपूर-पुण्यापासून लांब, बंगळुरूला किंवा पार जर्मनीला राहतात त्यांना बहुधा दुसरा पर्यायच नाही.

पण आत्मचरित्राच्या बाबतीत एक गोष्ट मला इतकी खटकली की शेवटी तिच्यावरूनच माझं ठरलं. ती म्हणजे नमुना. ॲपवर काय किंवा ई-बुकच्या दुकानात काय, घ्यायच्या आधी जो तुकडा फुकट मिळतो तो बहुतेक वेळा पुस्तकाच्या सुरुवातीचा असतो. आता आपल्या मराठी पुस्तकाची सुरुवात कशी असते ते तुम्हाला माहितीये, अर्पणपत्रिका, मग कुणा ज्येष्ठांची प्रस्तावना, मग लेखकाचं मनोगत, मग ऋणनिर्देश, दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने आणखी चार पानं. नमुना संपतो तेव्हा लेखकाचा जन्मसुद्धा झालेला नसतो! मी एका आठवड्यात पाच आत्मचरित्रांचे नमुने ऐकले आणि पाचही प्रस्तावनाच निघाल्या, म्हणजे पुस्तक ज्याचं आहे त्याचा आवाज एकदाही कानावर पडला नाही. प्रस्तावनेवर भरवसा ठेवून एक ऐकायला घेतलं, तर सहा तास नुसते सत्कार आणि नेमणुका.

कादंबरीत हे चालून जातं कारण पहिल्या प्रकरणात सूर कळतो. आत्मचरित्राचं तसं नाही. पहिली पन्नास पानं गाव, वाडा, आजोबा, शाळा, सगळ्यांची थोडीफार सारखीच. माणूस खरा बोलायला लागतो तो मधे कुठेतरी, पैसे संपतात तेव्हा, घरात भांडण होतं तेव्हा, नोकरी जाते तेव्हा. म्हणून मी पुस्तक बरोबर मधे उघडतो, दोन पानं उभ्या उभ्या वाचतो आणि ठरवतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून एकेक करत चार भागांत आली होती, ती कुठूनही उघडा, अर्ध्या पानात बाई तुमच्याशी बोलायला लागतात. ही परीक्षा ॲपवर घेता येत नाही. वर्गणी भरलेली असली तरी बार मधे ओढून बघायचं म्हणजे अंदाजपंचे, वाक्य अर्ध्यात सुरू होतं, नजर टाकायला पानच नसतं.

वाचनालयात मी कपाटासमोर उभा राहतो आणि अर्ध्या तासात दहा पुस्तकं अशी मधे उघडून होतात. मागच्या पावसाळ्यात असंच एका निवृत्त नर्सबाईंचं आत्मकथन हाती लागलं, बाइंडिंग सुटलेलं, शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर दहा वर्षांत तीनच तारखा. मी उघडलं तिथे रात्रपाळीचं वर्णन होतं, कंदिलाची वात कमी करून त्या वॉर्डात फिरतायत. रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. हे पुस्तक आता कुठे विकतही मिळत नाही, ॲपवर कुठून येणार. आपल्याकडची जुनी वाचनालयं, रत्नागिरीचं 1828 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, अशा ठिकाणी एकदाच छापून संपलेली किती पुस्तकं असतील विचार करा.

वाचनालयाचे त्रास आहेतच. आमचं सकाळी आणि संध्याकाळी उघडतं, नेमकं मी प्रवासात असतो तेव्हा, त्यामुळे माझा फक्त शनिवार. नवीन गाजलेली कादंबरी यायला वेळ लागतो, आली की नंबर लावावा लागतो. थ्रिलर, विज्ञानकथा यांचं कपाट आमच्याकडे तरी अर्धंच आहे. नवे कथालेखक हवे असतील तर वाचनालयाची दिवाळी अंकांची योजना असते तिचे वेगळे पैसे भरा, माझे आवडते दोन-तीन लेखक मला तिथेच पहिल्यांदा भेटले, पुस्तक नंतर कधीतरी आलं.

तर माझ्यापुरतं, फक्त कादंबरी, त्यातही रहस्य-भय आणि प्रवास मोठा असेल तर ॲप घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. आत्मचरित्रं हवी असतील तर मी वाचनालयच म्हणेन. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, पण माझी ॲपची वर्गणी मार्चमध्ये संपली आणि मी ती अजून भरलेली नाही.

एक मात्र करा. अनामत भरायच्या आधी विचारून घ्या की मुक्तद्वार आहे का, म्हणजे सभासदाला कपाटापर्यंत जाऊ देतात का. काही ठिकाणी अजून काउंटरवर चिठ्ठीत पुस्तकाचं नाव लिहून द्यावं लागतं, आणि जे शोधायचंय त्याचं नाव आपल्याला माहीतच नसतं. तसं असेल तर दुसरं वाचनालय बघा, आणि गावात दुसरं नसेल तर मग ॲपच बरं.