कॉलेज रोडवरचं कपल काउन्सेलिंग: ४ स्टार, एक का कापला तेही लिहिलंय

सेंटरचं नाव टाकत नाहीये, नाशिक केवढंसं, कोणीतरी ओळखीचं वाचणारच आणि आमच्या सासूबाई हल्ली मोबाईल फार बघतात. कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत आहे, दुसरा मजला, खाली बोर्डावर नुसतं 'समुपदेशन' लिहिलंय ते एक बरंय. फी १५०० रुपये, ५० मिनिटं, आम्ही चार सेशन घेतले.

लग्नाला ९ वर्षं झाली, पोरगा सहा वर्षांचा, नवरा सातपूरला कंपनीत, शिफ्ट बदलती. भांडणं वगैरे काही नाही. फक्त अंथरुणात दर वेळी शेवटी तो विचारणार "झालं का तुझं?" आणि मी "हो" म्हणून कूस बदलणार. बहुतेक वेळा काहीच झालेलं नसायचं. "भाजी झाली का" ज्या सुरात विचारतात ना त्याच सुरात विचारायचा, मग उत्तर पण तसंच जायचं. आधी वाटायचं त्याला वाईट वाटेल, मग सवयच लागली, मग मी टाळायलाच लागले आणि त्याला वाटलं हिला मीच नकोय.

पहिल्या सेशनला मॅडमनी विचारलं नेमकं काय आवडतं, काय नाही. दोघंही गप्प. शब्दच नाहीत हो! एकतर डॉक्टरी नाहीतर शिवी, मधलं काही आपल्याला कोणी शिकवलंच नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून मासिक काढून हे सगळं मराठीत लिहीत होते, त्यापायी कोर्टात खेटे घातले बिचाऱ्यांनी, आणि आम्ही अजून "ते" म्हणतोय. मॅडम म्हणाल्या शब्द राहू द्या, हात धरून दाखवा, आणि "इथे, हळू, तसंच, थांब" एवढं तरी बोला.

दुसऱ्या सेशनला मी खरं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे समजावलं की नुसत्या संभोगाने बऱ्याच बायकांचं होत नाही, क्लिटोरिसकडे, म्हणजे योनीच्या वरच्या टोकाला असतो त्या छोट्या दाण्याकडे, लक्ष द्यावं लागतं, यात ना पुरुषाची कमी ना बाईचा दोष. पण नवऱ्याच्या डोक्यात एकच अडकलं, "नऊ वर्षं खोटं बोललीस?" गंगापूर रोडने घरी येईपर्यंत गाडीत एक शब्द नाही, पुढचे दोन दिवस डबा नेला पण बोलला नाही. एक स्टार इथे कापलाय. असं काही बाहेर येणार हे मॅडमना कळायला हवं होतं, आधी दोघांशी वेगवेगळं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी सेकंड शिफ्टहून रात्री बाराला आला आणि ओट्याशी उभा राहून म्हणाला, मला पण नाइटनंतर होत नाही गं, तू रुसशील म्हणून करतो. म्हणजे खोटं दोन्हीकडून चालू होतं.

मग होमवर्क दिला, तीन आठवडे संभोग बंद, फक्त आळीपाळीने स्पर्श, २० मिनिटं, आणि ज्याला हात लावला जातोय त्याने बोलायचं. अमेरिकेतल्या मास्टर्स आणि जॉन्सन या लैंगिक संबंधांवरच्या संशोधकांची पद्धत म्हणे, १९७० च्या आसपासची. टू बीएचकेत हे करायचं म्हणजे दिव्यच, मग सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी, पोरगा शाळेत आणि सासूबाई काळाराम मंदिरात, तेवढा तास आमचा. पहिल्यांदा हसूच आवरेना. दुसऱ्या आठवड्यात मी "जरा वर" म्हटलं आणि तो खरंच वर गेला, नऊ वर्षांत पहिल्यांदा!!

डिलिव्हरीपासून अधूनमधून दुखायचं तेही तिथेच बोलले. त्यांनी उगाच काउन्सेलिंग न ताणता आधी गायनॅककडे पाठवलं, हे मला फार आवडलं. कोरडेपणा निघाला, वॉटर बेस्ड जेल लिहून दिलं. आम्ही खोबरेल तेल वापरायचो, कंडोमचं रबर त्याने खराब होतं हे तेव्हा कळलं, म्हणजे इतके दिवस नशिबावरच चाललं होतं. (मेडिकलवाल्याने जेल पेपरात गुंडाळून वर काळ्या पिशवीत दिलं, जसं काही गावठी कट्टाच.)

"झालं का" घरात अजून आहेच, पण आता मी "नाही, अजून थोडं" म्हणू शकते. कधीकधी "आज राहू दे, झोपू" पण म्हणते आणि तो तोंड पाडत नाही.

रविवार पंधरा दिवस आधीच भरतो, बुधवारी सकाळी मिळून जातं. पार्किंग अजिबात नाही, रिक्षाने जा. वेटिंगमध्ये खुर्च्या समोरासमोर आहेत, आम्हाला मुलाच्या शाळेतल्या पालकांपैकी एक जोडपं भेटलं, चौघंही पंख्याकडे बघत बसलो.