विनएससीपी, आरक्लोन की भाड्याचं एसएफटीपी? जळगाव-धुळ्याच्या ऑफिसांसाठी

पेन ड्राइव्ह सांभाळणारे मुनीमजी लग्नाला गेले की बॅकअपही लग्नाला जातो. जळगाव एमआयडीसीतल्या डाळ मिल, चटईचे कारखाने, धुळ्याकडच्या जिनिंग यांचे सर्व्हर सांभाळताना हे इतक्यांदा पाहिलंय की काही विचारू नका. म्हणून ‘फाइल रोज आपोआप क्लाउडवर जायला काय घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो: फाइल पाठवणार कोण, तुम्ही की समोरचा?

निम्मा निर्णय तिथेच होतो. तुमचा डेटा तुमच्याच बकेटमध्ये, म्हणजे क्लाउडवरच्या तुमच्या कप्प्यात, जाणार असेल, तर फुकटातली साधनं पुरतात. पण मोठा खरेदीदार म्हणाला, ‘आमची ऑर्डरची फाइल रात्री तुमच्या एसएफटीपीवर टाकू, पत्ता द्या’, तर चोवीस तास उघडं आणि तरीही राखणीतलं दार लागतं. एसएफटीपी म्हणजे कुलूपबंद वाटेने फाइल पाठवायची पद्धत, आणि त्या दाराला भाडं पडतं.

जुनं साधं एफटीपी यादीतून आधीच खोडा. त्यात पासवर्डसुद्धा उघड्यावरून जातो. एफटीपीएस, म्हणजे त्याचंच कुलूपबंद रूप, सुरक्षित आहे, पण डेटासाठी वेगळे पोर्ट (नेटवर्कची दारं) उघडावे लागतात आणि राउटर बसवून गेलेला माणूस नेमका तेव्हा फोन उचलत नाही. एसएफटीपीचं सगळं काम २२ नंबरच्या एका पोर्टवर भागतं. बँक किंवा खरेदीदार वेगळं काही मागत नसेल तर तेच घ्या.

विनएससीपी आणि टास्क शेड्युलर

विंडोज सर्व्हर, एकच ठिकाण, रोज दोन-चार फाइली, एवढंच काम असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. विनएससीपी हे फाइल पाठवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, एसएफटीपीबरोबर एस-थ्री या ॲमेझॉनच्या क्लाउड साठ्याशीही बोलतं, आणि सात-आठ ओळींची स्क्रिप्ट टास्क शेड्युलरला (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या विंडोजच्या सोयीला) लावली की झालं. अडतं ते दोन जागी. हाताने चालवली तर स्क्रिप्ट धावते, रात्री मात्र ‘फोल्डर सापडलं नाही’ म्हणते. कारण झेड ड्राइव्ह (नेटवर्कवरच्या फोल्डरला दिलेलं अक्षर) हा लॉगिन केलेल्या माणसापुरता जोडलेला असतो. रात्री कुणी लॉगिन नसताना तो नसतोच. स्क्रिप्टमध्ये नेटवर्कचा पूर्ण पत्ता लिहा.

दुसरं जास्त गंभीर. समोरच्याने सर्व्हर बदलला की त्याची होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली) बदलते आणि स्क्रिप्ट थांबते. थांबायलाच हवी. माझ्याकडच्या एका मुलाने वैतागून होस्ट कीच्या जागी फुली-चांदणीचं चिन्ह टाकलं, म्हणजे ‘कुणीही दार उघडलं तरी माल देऊन ये’. फाइली जायला लागल्या, सगळे खूश. मला ते कळलं पाच आठवड्यांनी. की बदलली तर समोरच्याला फोन करून फिंगरप्रिंट (त्या कीची छोटी ओळखखूण) विचारून घ्यायचं, दुसरा रस्ता नाही.

आरक्लोन

दहांतल्या सात ऑफिसांना मी क्लाउडवर फाइली नेणारं हेच साधन बसवतो. विंडोज-लिनक्स दोन्हींवर चालतं, फुकट आहे, एस-थ्री, मायक्रोसॉफ्टचं अझूर, गूगल, साधा एसएफटीपी सर्व्हर, सगळ्यांशी एकाच पद्धतीने बोलतं. उद्या क्लाउड बदललं तरी स्क्रिप्टचा सांगाडा तोच राहतो. वर पाठवण्याआधी फाइल पासवर्डने कुलूपबंद करायची सोयही त्यातच आहे.

पण याच्या धारेने मीच एकदा हात कापून घेतलाय. यात ‘कॉपी’ आणि ‘सिंक’ अशा दोन आज्ञा आहेत. सिंक म्हणजे तिकडचं इकडच्यासारखं हुबेहूब करणं. इकडे नसलेली फाइल ते तिकडूनही काढतं. मे महिन्यात रात्री लाइट गेली, यूपीएसने मान टाकली, आणि लिनक्सचा सर्व्हर परत उठला तेव्हा डेटाची डिस्क जोडलीच गेली नाही. फोल्डर जागेवर, पण रिकामं. दोन वाजता सिंकने आज्ञा पाळली: इकडे काही नाही, म्हणून तिकडचंही पुसलं. बकेटला व्हर्जनिंग (जुन्या प्रती जपून ठेवायची सोय) चालू होतं म्हणून सगळ्या फाइली परत मिळाल्या, नाहीतर त्या शेठजींना मी तोंड दाखवू शकलो नसतो. तेव्हापासून सिंक नाही, कॉपी. आणि सर्व्हरवर ठेवलेल्या ॲक्सेस कीला (क्लाउडच्या खात्यात शिरायच्या किल्लीला) डिलीटचा अधिकारच द्यायचा नाही. व्हर्जनिंग चालू असेल तर रॅन्समवेअर (फाइली ओलीस धरणारा व्हायरस) शिरलं तरी त्या कीने जुन्या प्रती पुसता येत नाहीत, हा वरचा फायदा.

वेगाची मर्यादा घालताना एक घोळ नेहमी होतो. आरक्लोनला दिलेला आकडा बिटमध्ये नाही, बाइटमध्ये असतो. ‘१ एम’ म्हणजे साधारण ८ एमबीपीएस. १० एमबीपीएसच्या लाइनवर कुणी ‘५ एम’ लिहून निम्मी लाइन राखल्याचं समाधान मानलं, तर मर्यादा घातलीच नाही असं समजा. सकाळी ई-वे बिल निघेना की सगळे इंटरनेटवाल्याला शिव्या घालतात. आणखी एक हिशेब आधी करा: २० जीबीची बॅकअप फाइल १० एमबीपीएसने वर जायला साडेचार तास लागतात. त्या फाइलमध्ये एक ओळ बदलली तरी आरक्लोन ती पूर्ण फाइल पुन्हा पाठवतं. म्हणून रोजचा छोटा बॅकअप आणि रविवारी मोठा, अशी वाटणी बरी.

भाड्याचं एसएफटीपी

ॲमेझॉनचं ट्रान्सफर फॅमिली किंवा अझूरच्या ब्लॉब या साठ्यावरचं एसएफटीपी. समोरच्याला साधा एसएफटीपी सर्व्हर दिसतो, फाइल सरळ तुमच्या क्लाउडमध्ये उतरते, सर्व्हर पॅच करायची कटकट नाही. दोन्हींचा दर तासाला ०.३० डॉलर, म्हणजे महिन्याला जवळपास २१९ डॉलर, फाइल एक आली तरी. ॲमेझॉनकडे त्यावर प्रत्येक जीबीला ०.०४ डॉलर वेगळे, आणि सर्व्हर नुसता बंद केल्याने मीटर थांबत नाही, काढूनच टाकावा लागतो. अझूरमध्ये सोय बंद केली की तासाचा आकार थांबतो. खरेदीदाराची फाइल रात्री एक ते तीन याच वेळेत येणार असेल, तर स्क्रिप्टने तेवढेच दोन तास उघडून महिना १८ डॉलरच्या आसपास भागतं. अशा ठरलेल्या वेळेच्या कामाला मी अझूरच सुचवेन.

यालाही पर्याय आहे: छोटा लिनक्स व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर), त्यावर ओपनएसएसएच (एसएफटीपी चालवणारं सॉफ्टवेअर), आलेलं सगळं आरक्लोनने बकेटमध्ये. स्वस्त पडतं, पण राखण तुमची. प्रत्येक पार्टीला तिच्याच फोल्डरमध्ये कोंडा, पासवर्ड बंद करून फक्त की-फाइलने लॉगिन ठेवा, फायरवॉलमध्ये त्यांचाच आयपी सोडा. कोंडायचं फोल्डर रूटच्याच (लिनक्सच्या मुख्य खात्याच्याच) मालकीचं लागतं, नाहीतर लॉगिन होता होता तुटतं आणि अर्धा दिवस जातो. अपडेट लावायला माणूस नसेल तर या वाटेला जाऊ नका.

फाइल ट्रान्सफरची मोठी पॅकेजं विकायला कुणी पुण्या-मुंबईहून आलं, तर चहा पाजा. दहा माणसांच्या ऑफिसला ती झेपत नाहीत, आणि नाव मोठं म्हणून सुरक्षित असंही नाही. २०२३च्या मे महिन्यात मूव्हइट या नावाजलेल्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतूनच क्लॉप टोळीने जगभरच्या संस्थांचा डेटा उचलला.

साधन कुठलंही घ्या, प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोज आणि भारतातल्याच सर्व्हरवर हवा. ऑगस्ट २०२२पासून नियम तसा आहे. मुंबई, हैदराबाद किंवा पुण्याचं रीजन (डेटा जिथे राहतो ते ठिकाण) निवडा. क्लाउडच्या खात्यात आधीच निवडून ठेवलेलं रीजन बहुतेक वेळा अमेरिकेतलं असतं, तिथे नुसतं ‘ओके’ दाबू नका.

आणि फाइल गेली यापेक्षा ती उघडते का, हे बघा. धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये अडत्याचा मुनीम रोज सकाळी फोन करायचा, ‘भाऊ, फाईल उनी का?’ आली होती, रोज येत होती. चार महिन्यांनी एका रविवारी मी ती परत उतरवून बघायला बसलो, तर कुलपाचा पासवर्ड फक्त त्याच सर्व्हरवरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये. सर्व्हर जळाला असता तर क्लाउडवरच्या एकशे वीस प्रतींपैकी एकही उघडली नसती. आता तो पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून, शेठजींच्या तिजोरीत जमिनीच्या खरेदीखताखाली ठेवलाय.