वारसदार राणीची ध्वनिमालिका: ऐकावी, पण वंशावळ हाताशी ठेवून

अ‍ॅक्विटेनच्या एलिनॉर या बाराव्या शतकातील फ्रान्सच्या आणि नंतर इंग्लंडच्या राणीवरील ही ध्वनिमालिका तिच्या विवाहांकडे प्रेमकथा म्हणून न पाहता मुलखाचे व्यवहार म्हणून पाहते, आणि हीच तिची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. ११३७ मध्ये वडील यात्रेत वारल्यावर किशोरवयीन एलिनॉर नैऋत्य फ्रान्समधील या अफाट मुलखाची मालकीण झाली आणि काही महिन्यांतच बोर्दो येथे फ्रान्सच्या युवराज लुईशी तिचे लग्न लावण्यात आले. तिने लुईला दिलेले, पुढे मठाधिपती सुगेरकडे गेलेले आणि आज लूव्र संग्रहालयात असलेले स्फटिकपात्र निवेदिका इतक्या बारकाईने उभे करते की त्यावरील मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी डोळ्यांसमोर येते.

११५२ चा भाग सर्वांत रंगतदार आहे. मार्चमध्ये जवळच्या रक्तसंबंधाच्या सबबीवर पहिला विवाह रद्द झाला आणि मे महिन्यात तिने पॉतिए येथे वयाने लहान आणि पुढे इंग्लंडचा राजा झालेल्या हेन्रीशी लग्न केले, जो तिचा लुईपेक्षाही जवळचा नातलग होता! हा विरोधाभास निवेदिका फार मिश्कीलपणे मांडते.

पुढे मात्र घाई जाणवते. ११७३ चे हेन्रीविरुद्धचे मुलांचे बंड आणि त्यांना साथ दिल्यामुळे ११८९ पर्यंत चाललेली तिची कैद थोडक्यात उरकली आहे. उलट, पॉतिएच्या तथाकथित प्रेम-दरबारांच्या, म्हणजे जिथे उमराव स्त्रिया प्रेमाच्या तंट्यांचा निवाडा करत असे म्हणतात त्या सभांच्या, दंतकथांना निष्कारण वेळ दिला असून त्या खऱ्या मानण्यास पुरावा नाही, हे सांगितलेलेही नाही. सोबत वंशावळही दिलेली नसल्याने एकाच नावाच्या राजांमध्ये नवखा श्रोता हमखास गोंधळेल.